उजेड कुठून येतो

टोकियो डिस्नीसी या मनोरंजन उद्यानाच्या बंदरातल्या एका भिंतीपाशी आमची रांग थांबली होती. माझ्या पुढे आई, वडील आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा असे तिघे होते आणि ते आपसात मराठीत बोलत होते. घरापासून इतक्या दूर ती भाषा कानावर पडल्यामुळे मी नकळत थोडी पुढे सरकले होते. उभे राहून कंटाळलेल्या त्या मुलाने शेजारच्या दगडी भिंतीवर बोट वाकवून टकटक केले. दगडाचा आवाज आला नाही. रिकाम्या खोक्यावर वाजवल्यासारखा पोकळ आवाज आला. मुलाने कान भिंतीजवळ नेला, पुन्हा दोनदा वाजवून पाहिले आणि म्हणाला, "बाबा, हे खोटं आहे." वडील मोबाइलमध्ये पुढच्या राइडची वेळ शोधत होते. मान वर न करता ते म्हणाले, "हो रे, इथे सगळं खोटंच असतं." रांग पुढे सरकली, वळणापाशी आमची फाटाफूट झाली आणि ते कुटुंब मला पुन्हा दिसले नाही. त्या मुलाला मला काहीतरी सांगायचे होते. काय सांगायचे होते ते त्या क्षणी जुळून आले नाही, आणि गोव्याला परत येऊन कितीतरी दिवस लोटले तरी ती टकटक माझ्या कानातून गेली नाही.

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि तिथे एकटीच गेले होते. निघण्याआधी बँकेतल्या सहकाऱ्यांनी, नातेवाइकांनी आणि देवळात भेटलेल्या एका काकींनीही एकच प्रश्न विचारला: बरोबर मुले कोण आहेत? मुले कोणी नाहीत, मला स्वतःलाच ते पाहायचे आहे, असे सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी क्षणभराची शांतता येते तिची मला सवय आहे. बालपण परत मिळवायला मी गेले नव्हते. माझे बालपण फोंडा तालुक्यातल्या एका गावात, कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला, पुरेपूर गेले आहे आणि त्यातले काही परत मागावे असे मला वाटत नाही. मी गेले ती एका पोस्टकार्डामुळे, आणि त्या पोस्टकार्डाबद्दल बाबा जे बोलले होते त्यामुळे.

आमच्या शेजारचे अंकल बोटीवर कामाला होते. १९८६ साली सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी योकोहामाहून आणलेले एक चित्रकार्ड मला दिले. त्यावर निळ्या कळसांचा पांढरा किल्ला होता. टोकियो डिस्नीलँड १५ एप्रिल १९८३ रोजी सुरू झाले आणि अमेरिकेबाहेरचे ते पहिलेच डिस्नी उद्यान, हे मला फार नंतर कळले. तेव्हा मला एवढेच कळले की जगात असा किल्ला आहे. मी ते कार्ड बाबांना दाखवले. त्यांनी ते हातभर दूर धरले, मग नाकाजवळ आणले आणि वरच्या खिडक्यांवर नख टेकवून म्हणाले, "हे बघ, वरच्या खिडक्या खालच्यांपेक्षा लहान केल्या आहेत. म्हणजे किल्ला आहे त्याहून उंच दिसणार. करणारा हुशार आहे." तो किल्ला प्रत्यक्षात ५१ मीटर उंचीचा आहे, आणि वर जाता जाता सगळी मापे लहान करत नेण्याची ती युक्ती तिथले रचनाकार खरोखरच वापरतात. बाबांनी ती एका पोस्टकार्डावरून ओळखली होती, कारण ते स्वतः तेच काम करत होते.

बाबा नाटकाचे पडदे रंगवायचे.

पोटासाठी ते दुकानांचे बोर्ड रंगवत आणि ट्रकच्या नंबरपट्ट्या लिहीत. पडदे मात्र देवाचे काम म्हणून व्हायचे. आमच्या गावच्या जत्रेला पालखी देवळाभोवती फिरून आली की देवळासमोरच्या अंगणात, राजांगणात, मराठी नाटक उभे राहायचे. कधी पौराणिक, कधी ऐतिहासिक. गावातलेच शिक्षक, पोस्टमन आणि नारळ उतरवणारे पाडेली तोंडाला रंग लावून राजे आणि सरदार व्हायचे. त्यासाठी चार पडदे लागत: महाल, जंगल, रस्ता आणि झोपडी. अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या, ओसरीवर मांजरपाट अंथरून त्यावर आधी सरसाचा हात दिला जाई. तो सरस चुलीवर वितळताना जो वास सुटायचा तो अजूनही कुठे आला तर मला जत्रा जवळ आल्यासारखी वाटते. मग त्या सरसातच पुडीचे रंग कालवले जात. ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर दोन पायऱ्या उतरतो, म्हणून बाबा आधी एका चिंधीवर तो लावून वाळवून पाहत. मी त्यांची चिंधी धरणारी होते. महालाचे खांब रंगवताना ते उभ्या पट्ट्या ओढत. एका कडेला जवळजवळ पांढरी, मग पिवळट, मग तपकिरी, आणि अगदी शेवटी, कडेच्या किंचित आत, पुन्हा एक फिकट रेघ. त्या शेवटच्या रेघेने सपाट कापडावरचा खांब गोल व्हायचा. ती रेघ ओढण्याआधी ते दरवेळी मागे सरून, डोळे बारीक करून, मला आमच्या घरच्या कोंकणीत म्हणायचे, "बाय, उजवाड खंयच्यान येता तें पयलीं पळय." उजेड कुठून येतो ते आधी पाहा. राजांगणात रंगमंच दरवर्षी त्याच जागी उभा राहायचा, त्याच्या एका हाताला दीपस्तंभ असायचा आणि जत्रेच्या रात्री त्याचे सगळे दिवे लागायचे. बाबांच्या चारही पडद्यांवर सावली पडायची ती त्या दीपस्तंभाच्या उलट्या बाजूला.

चाळीस वर्षांनंतर मी टोकियो स्थानकात केइयो मार्गाचा फलाट शोधत चालत होते. तो त्याच स्थानकात असला तरी सरकत्या पट्ट्यांवरूनही इतका लांब आहे की आपण चुकून दुसऱ्याच गावी निघालो की काय, असे वाटू लागते. तिथून पाऊण तास लागेल असे मी धरून चालले होते, पण पंधरा-सोळा मिनिटांत उद्यानाजवळचे माइहामा स्थानक आले. त्यापुढच्या मोनोरेलच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आणि हाताने धरायच्या कड्याही त्याच आकाराच्या. माझ्या शेजारी सत्तरीच्या दोन बायका बसल्या होत्या. दोघींच्या मांडीवर एकेक कापडी अस्वल होते आणि अस्वलांच्या अंगात हाताने विणलेले स्वेटर होते. एकीने दुसरीच्या अस्वलाची बाही दुमडून बरोबर केली. त्यांच्याकडे डब्यात कोणी रोखून पाहिले नाही, कोणी हसले नाही. दुपारी मिरवणुकीच्या वाटेवर त्याच दोघी जमिनीवर चटई पसरून, बूट काढून, मिरवणुकीच्या तासभर आधीपासून बसलेल्या मला दिसल्या. आमच्याकडे शिमग्याचे चित्ररथ पाहायला फोंड्याच्या रस्त्यावर बायका दुपारीच येऊन फूटपाथ धरतात, त्यांची मला आठवण झाली. तिथे मात्र बरोबर नातवंडे असतात. या दोघींच्या बरोबर कोणी नव्हते आणि त्याचे कारण त्यांना कोणी विचारत नव्हते. माझ्या पिशवीत मी विकत घेऊन ठेवलेली मिकीच्या कानांची पट्टी होती. तोवर मी ती बाहेर काढली नव्हती. त्या दोघींना पाहून काढली आणि डोक्यावर घातली.

डिस्नीसी हे डिस्नीलँडच्या शेजारचे दुसरे उद्यान, ४ सप्टेंबर २००१ रोजी उघडलेले. प्रवेशातून आत गेले की समोर इटलीच्या किनाऱ्यावरचे एक बंदर येते: गेरूच्या, पिवळ्या, गुलाबी रंगाच्या भिंती, हिरव्या झडपा, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि मागे धूर सोडणारा ज्वालामुखी. ते पाहून माझ्या पोटात कालवले, कारण मी पणजीतली फोंताइन्यास ही रंगीत जुन्या घरांची वस्ती ओलांडून वर्षानुवर्षे कामाला जाते. तिथल्या घरांसमोर आता रोज अनोळखी लोक उभे राहून स्वतःचे फोटो काढतात. एखादी म्हातारी दार उघडून केर बाहेर टाकायला आली तर ती फोटोच्या आड आली म्हणून तिलाच थांबायला सांगतात. आपले राहते गाव दुसऱ्याला देखावा म्हणून कसे दिसते, याची टोचणी घेऊन मी एका मुद्दाम उभारलेल्या देखाव्यात आले होते. इथे निदान कोणाचे दार अडवले जात नव्हते.

त्या बंदराच्या मागच्या गल्ल्यांत शिरल्यावर मला ती खिडकी सापडली. दुरून ती इतर खिडक्यांसारखीच होती: झडपा, चौकटीवरचे दगडी कोरीव काम, कोरीव कामाखाली पडलेली सावली. जवळ गेल्यावर कळले की तिथे खिडकीच नाही. चौकट, झडप, कोरीव काम आणि सावली, सगळे सपाट भिंतीवर रंगवलेले होते. इटलीच्या त्या किनाऱ्यावरच्या गावांत खऱ्या घरांवरही अशा खिडक्या रंगवण्याची जुनी रीत आहे. म्हणजे इथे खोट्याची नक्कल खरेपणाने केली होती. मी भिंतीला नाक लावण्याइतकी जवळ गेले. झडपेच्या प्रत्येक पट्टीखाली एक काळसर रेघ होती आणि त्या रेघेच्या खाली, केसाएवढी बारीक, एक फिकट रेघ होती.

ती रेघ मला ओळखीची होती.

मी हात लावला नाही. मागे सरले, डोळे बारीक केले आणि उजेड पाहिला. रंगवणाऱ्याने उजेड उजव्या हाताने घेतला होता. सगळ्या सावल्या डावीकडे उतरल्या होत्या. पण दुपारचे तीन वाजून गेले होते आणि नोव्हेंबरचा उतरता सूर्य डावीकडून येत होता. शेजारच्या खऱ्या खिडकीच्या झडपेची सावली उजवीकडे पडली होती. एकाच भिंतीवर दोन सूर्य होते. बाबांनी ही चूक केली असती का, असा विचार मनात आला आणि लगेच दुसरा आला, की ही चूक नसेल. ही भिंत कोणीतरी सकाळी पाहायची म्हणून रंगवली असेल. त्या रात्री हॉटेलवर मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसाचे तिकीट माझ्या योजनेत नव्हते, आणि तिथल्या एका दिवसाचे मोठ्या माणसाचे तिकीट दिवसागणिक ७,९०० ते १०,९०० येनच्या दरम्यान असते. मी ते काढले. सकाळी गर्दी नव्या राइडकडे पळत होती तेव्हा मी त्या रिकाम्या गल्लीत जाऊन उभी राहिले. ऊन हळूहळू भिंतीवरून खाली सरकत होते. साडेनऊच्या सुमारास खऱ्या झडपेची सावली डावीकडे तिरकी उतरली आणि रंगवलेल्या सावलीशी समांतर झाली. मोजून दहा-बारा मिनिटे मला दोन खिडक्यांतली खरी कोणती ते सांगता आले नसते. मग ऊन सरकले. रंगवणाऱ्याच्या मनात हे असेल किंवा नसेल. मला त्या दहा मिनिटांसाठी आल्यासारखे वाटले, आणि बाबा जाऊन सहा वर्षे झाल्यावर पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट दाखवायची राहून गेली म्हणून मला मोकळेपणाने रडू आले. केर काढणारा एक तरुण लांब दांड्याचा झाडू घेऊन तिथून जात होता. तो थांबला, काही बोलला नाही, झाडू पाण्यात बुडवून त्याने फरसबंदीवर चार-पाच फटकाऱ्यांत मिकीचा चेहरा काढला आणि वाकून नमस्कार करून पुढे गेला. तिथले सफाई कामगार अशी पाण्याची चित्रे काढतात हे मी वाचले होते. एका बाजूचा कान आधी वाळला, मग डोळे, आणि शेवटी हनुवटीची रेघ उरली.

त्यानंतर उरलेला दिवस मी तिथल्या युक्त्या पाहण्यात घालवला आणि त्यातला प्रत्येक क्षण मला आनंदाचा गेला. तिथे एक पाणबुडीची राइड आहे. आपण खोल समुद्रात उतरतो, गोल खिडकीबाहेर बुडबुडे वर चढताना दिसतात आणि छातीवर दाब आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती राइड कोरडी आहे. खिडकीला दोन काचा आहेत, पाणी आणि बुडबुडे त्या दोन काचांच्या मधल्या फटीतच आहेत आणि बाहेर नुसता अंधार व हवा आहे. मला हे आधीच ठाऊक होते आणि तरी बुडबुडे चढू लागले तेव्हा मी श्वास रोखला. आमच्या नाटकात जलदेवता येताना विंगेतून दोन मुले निळे पातळ दोन्ही टोकांनी धरून हलवायची. त्यातला एक माझा दादा असायचा, हे मला ठाऊक असायचे, आणि तरी पाणी यायचेच.

एक गोष्ट मात्र आनंदाच्या आड येत राहिली. हे सगळे ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीन पूर्वी समुद्र होती. उरायासू हे कोळ्यांचे गाव होते. भरती ओसरली की उघड्या पडणाऱ्या चिखलवाटांवर लोक शिंपल्या वेचत आणि पाण्यात समुद्री शेवाळाची शेती करत. १९५८ साली वरच्या अंगाच्या एका कागद गिरणीचे काळे सांडपाणी नदीतून खाली आले, शिंपल्या मेल्या आणि चिडलेले कोळी गिरणीत घुसले. १९६२ साली त्यांनी मासेमारीचे काही हक्क सोडले आणि १९७१ साली उरलेलेही सोडले. भराव घालून गावाचे क्षेत्रफळ साडेचार चौरस किलोमीटरांच्या आतून जवळजवळ सतरा चौरस किलोमीटरांवर गेले. गोव्यात राहणाऱ्या माणसाला हे आकडे नुसते आकडे म्हणून वाचता येत नाहीत. खाडीच्या कडेची खारफुटी, बांधांवरची पाण्याची दारे म्हणजे मानशी, ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या शिंपल्या, वेचणाऱ्या बायका आणि त्यांच्या पाठीमागे उभे राहणारे भरावाचे ट्रक, हे आम्ही दर वर्षी पाहतो. म्हणून परतण्याच्या आदल्या दिवशी मी उरायासूचे नगर संग्रहालय पाहायला गेले. तेही २००१ सालीच उघडले. त्याच्या अंगणात १९५२च्या सुमाराचे कोळ्यांचे गाव पुन्हा उभारले आहे: लाकडी घरे, तंबाखूचे दुकान, कालवा, कालव्यात बांधलेल्या निमुळत्या होड्या. काही घरे खरी, उचलून आणलेली; काही नव्याने तशीच बांधलेली. एक म्हातारे गृहस्थ लहान सुरीने शिंपली उघडून दाखवत होते. मनगटाचा एकच हलका झटका, आणि शिंपल्याचे मांस अखंड वाटीत. माझी आत्या तिसऱ्या अशाच उघडायची. कालव्याचे पाणी समुद्राला मिळत नव्हते, घरांच्या लाकडावरचा काळपटपणा काही ठिकाणी ब्रशने आणलेला होता, आणि तरी त्या हाताच्या झटक्यात खोटे काही नव्हते. ज्या समुद्रावर भराव घालून खोटे बंदर उभे राहिले, त्या समुद्राचे गावही आता देखावा होऊनच उरले आहे. हे मला नीट पचले नाही. डिस्नीसीवरचे माझे प्रेम त्याने कमी झाले असे मी म्हणणार नाही, पण तो भराव मला त्यानंतर दिसतच राहिला.

११ मार्च २०११ च्या भूकंपात त्या भरावाने आपली आठवण करून दिली. उरायासूत अनेक ठिकाणी जमिनीतून चिखलपाणी वर आले, रस्ते लाटांसारखे झाले. उद्यानांची जमीन मुळातच वाळूचे खांब ठोकून घट्ट केलेली असल्यामुळे ती टिकली. वाहनतळ मात्र खचला. त्या वेळी आत सुमारे सत्तर हजार माणसे होती. कर्मचाऱ्यांनी दुकानांतली कापडी खेळणी फडताळांवरून काढून लोकांना डोक्यावर धरायला दिली. हजारो माणसांनी ती थंड रात्र तिथेच काढली. मोनोरेलमधल्या त्या दोन बायकांच्या अस्वलांकडे मी परतीच्या प्रवासात वेगळ्या नजरेने पाहिले असते, पण त्या पुन्हा भेटल्या नाहीत.

त्या मुलाकडे मी पुन्हा पुन्हा येते. आधी मला वाटत होते की त्याला खोटे आणि रचलेले यांतला फरक सांगायला हवा होता. आता तसे वाटत नाही. बाबा तिथे असते तर त्यांनीही पहिल्यांदा भिंतीवर टकटकच केली असती. कान लावून ऐकले असते, आत जाळी आहे की लाकूड याचा अंदाज घेतला असता आणि मग वर खिडकीकडे पाहिले असते. त्या रांगेत त्या भिंतीच्या सर्वांत जवळ तो मुलगाच गेला होता. त्याला पुढे फक्त एवढेच विचारायचे होते, की कशाची आहे रे, ऐक बरे, आणि हा शेवाळलेला डाग कोणी काढला असेल?

या वर्षीच्या जत्रेच्या आधी दादाने माळ्यावरून पडदे खाली काढले. महाल आणि जंगल वाळवीने खाल्ले होते, झोपडीच्या पडद्याला पावसाची ओल लागून रंगाचे पोपडे धरले होते. रस्ता तेवढा चांगला होता. समितीतल्या मुलांनी या वर्षी मागे एलईडीचा पडदा लावायचे ठरवले होते. दादाने एका प्रवेशापुरता रस्ता मागून घेतला. अग्रशाळेच्या ओसरीवर आम्ही तो उलगडला तेव्हा सरसाचा वास नव्हता, नुसता जुन्या कापडाचा होता. वासा बांधण्यासाठी तो उलटा केला तर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, बाबांच्या हातचा पेन्सिलीचा बाण होता आणि खाली लिहिले होते, "उजेड दीपस्तंभाकडून."

संध्याकाळी राजांगणात पडदा टांगला. विजेचे काम पाहणारा मुलगा हॅलोजन दुसऱ्या बाजूच्या खांबाला बांधून, शिडीवरून उतरून, तारा गुंडाळत होता. रस्त्याकडेची झाडे आणि मैलाचा दगड सपाट, फुगल्यासारखे दिसत होते. मी त्याला विचारले, बाळा, हा दिवा त्या बाजूला नेता येईल का? तो म्हणाला, ताई, आता परत वायर ओढावी लागेल. मग त्याने माझ्याकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले आणि कारण न विचारता शिडी उचलली. दीपस्तंभाकडच्या खांबाला दिवा बांधून त्याने बटण दाबले तेव्हा तो शिडीवरच होता.

"अरे," तो वरून म्हणाला, "दगड बाहेर आला."